आयव्हीआर नंतर घ्या, आधी नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघा



क्लाउड टेलिफोनीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, आमच्या धंद्याला आयव्हीआर घ्यावं का? कंपनीवाले म्हणतात, गिऱ्हाइकावर इम्प्रेशन पडतं." व्हिडिओत मी थोडक्यात बोललो होतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण यात महिन्याच्या भाड्यापेक्षा मोठी गोष्ट अडकलेली आहे, ती म्हणजे तुमचा नंबर.

दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्ड, कापडी पिशवी, टेम्पोची मागची बाजू, गुगल मॅप. सगळीकडे तुम्ही एक नंबर छापता. गिऱ्हाईक तो 'फराळवाल्या काकू' किंवा 'एसी रिपेअर' अशा नावाने सेव्ह करतं आणि दोन वर्षांनी गरज पडली की तिथेच फोन लावतं. आता मला सांगा, तो नंबर कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच धंद्यांत उत्तर येतं, "भाच्याच्या नावावर", "काउंटरवरच्या मुलाच्या सिमवर". मुलगा चांगलाच असतो हो. पण उद्या त्याने नोकरी सोडून दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं, तर सिम त्याचं आहे आणि पाटीवर खर्च तुमचा झालाय.

होस्टेड फोन सिस्टिमचा खरा फायदा इथे आहे. पूर्वी ऑफिसात ईपीएबीएक्सचं मशीन भिंतीवर लावायचे, प्रत्येक टेबलापर्यंत वायर ओढायचे. आता ते मशीन कंपनीच्या सर्व्हरवर असतं. नंबर तिथे राहतो. त्यावर आलेला फोन तुमच्या, तुमच्या बायकोच्या, काउंटरवरच्या मुलाच्या मोबाईलवर एकदम वाजवायचा की एकामागून एक, हे तुम्ही स्क्रीनवर ठरवता. माणूस बदलला की त्याचा मोबाईल यादीतून काढायचा, दुसऱ्याचा टाकायचा. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. आणि न उचललेल्या प्रत्येक कॉलची नोंद राहते. माझ्या मते एवढ्या एका नोंदीसाठीसुद्धा ही सिस्टिम घ्यावी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात किती ऑर्डरी नुसत्या रिंग वाजून गेल्या, हे एकदा यादीत बघा, झोप उडेल.

आता ते 'इम्प्रेशन'. "विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा." अरे, दुकानात माणसं तीन! एक दाबलं तरी तुम्हीच उचलणार, दोन दाबलं तरी तुम्हीच. मग त्या माणसाला वीस सेकंद बाईंचा आवाज आणि सतारीची धून कशाला ऐकवायची? बँकेचा मेनू आपण सहन करतो कारण पैसे तिथे अडकलेले असतात. किलोभर चिवड्यासाठी कोणी सहन करत नाही, फोन ठेवतं आणि पुढच्या दुकानाला लावतं. वेगवेगळं काम करणारी वेगवेगळी माणसं नसतील तर मेनू लावूच नका. दुकान बंद असताना "आम्ही सकाळी दहाला फोन करू" एवढं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. आणि दहाला खरंच करा.

खर्चाचं गणित फार लोकांच्या लक्षात येत नाही. मोबाईलवर आपल्याला इनकमिंग फुकट मिळायची सवय आहे. इथे तसं नसतं. गिऱ्हाइकाचा फोन आधी सर्व्हरवर येतो, मग तिथून तुमच्या मोबाईलवर दुसरा कॉल लागतो. बऱ्याच प्लॅनमध्ये त्या दुसऱ्या कॉलची मिनिटं तुमच्या खात्यातून जातात. म्हणजे रोज ४० कॉल, सरासरी दोन मिनिटं, महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८० मिनिटं झाली. मिनिटाला एक रुपया असा दर धरून बघा: २,०८० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, आणि नंबरचं भाडं वेगळं. सिस्टिममधून बाहेर फोन लावलात तर ती आधी तुम्हाला वाजवते, मग गिऱ्हाइकाला, म्हणजे तिथे दोन्ही बाजूंची मिनिटं मोजली जाऊ शकतात. १८०० चा टोल-फ्री नंबर घेतला तर फोन करणाऱ्याचा खर्चही तुमच्याच अंगावर. आज बहुतेकांच्या मोबाईलवर अनलिमिटेड कॉलिंग आहे, मग छोट्या धंद्याला टोल-फ्रीची हौस कशासाठी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पण मी सगळ्यात जास्त घाबरतो ते नंबर हातचा जाण्याला. मोबाईल नंबर देशभर जानेवारी २०११ पासून पोर्ट करता येतो. कंपनी आवडली नाही, बदलली, नंबर आपलाच राहिला. लँडलाइन नंबरला ही सोय नाही. आणि क्लाउड कंपन्या जे नंबर देतात त्यातले बरेच लँडलाइनच्या पद्धतीचे असतात. म्हणून सेल्सवाल्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, "नंबर कागदोपत्री माझ्या फर्मच्या नावावर असेल की तुमच्या? मी तुम्हाला सोडलं, किंवा तुम्ही धंदा बंद केला, तर नंबर माझ्याबरोबर येईल का?" उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या. "काही टेन्शन घेऊ नका सर" हे उत्तर नाही. लेखी मिळत नसेल तर सोपा मार्ग आहे: स्वतःच्या नावावर नवीन सिम घ्या, पाटीवर तोच मोबाईल नंबर छापा आणि त्यावरचे कॉल सिस्टिमच्या नंबरवर फॉरवर्ड करा. उद्या सिस्टिम बदलली तरी पाटी बदलावी लागणार नाही.

नंबर दुसऱ्याही रस्त्याने जातो. कॉल लावणं स्वस्त झालं म्हणून यादी विकत घेऊन जाहिरातीचे फोन करत सुटू नका. नोंदणी न करता असे फोन करणाऱ्यांची कनेक्शनं तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचा आदेश ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेला आहे.

घरून धंदा करणाऱ्या ताईंनो, तुम्हाला कदाचित यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही. घरात फायबरचं कनेक्शन असेल तर त्याबरोबर बहुधा लँडलाइन नंबर मिळालेला असतो, आणि आपण त्याला फोनच जोडलेला नसतो! तोही इंटरनेटवरूनच चालतो. काही कंपन्यांच्या ॲपमधून तो मोबाईलवरही उचलता येतो. व्हॉट्सॲप बिझनेसची नोंदणी लँडलाइन नंबरवर होते, कोड फोन करून सांगतात. म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर अनोळखी लोकांना न देता ऑर्डरी घेता येतात, आणि रात्री अकराला "भाभीजी, रेट काय?" असे मेसेज घरच्या फोनवर येत नाहीत. (हीच नोंदणी आयव्हीआरच्या नंबरवर करायची असेल तर मेनू तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर कोड सांगणारा फोन मेनूच उचलतो.) अर्थात हा नंबर त्या कनेक्शनला बांधलेला आहे. घर बदलताना, कंपनी बदलताना तो जाऊ शकतो, हे धरूनच छापा.

विजेचंही बघा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधून वीज यायची, म्हणून अंधारातही डायल टोन असायचा. फायबरचा फोन राउटरबरोबर मरतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. त्यातलं दुसरं काही शोभेचं नाही, पण लाइट गेल्यावर ऑर्डर येते.

आणि एक सावधगिरी. "तुमच्या घरी एक मशीन ठेवतो, त्यात सिमकार्डं लावलेली असतील, इंटरनेट आमचं, तुम्हाला महिन्याला घरबसल्या भाडं" असा 'बिझनेस' कोणी घेऊन आला तर दारातूनच परत पाठवा. तो सिम बॉक्स असतो. परदेशातले कॉल लोकल दाखवून फिरवायचं अनधिकृत एक्स्चेंज. पोलीस येतात तेव्हा मशीन ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे येतात.

आज संध्याकाळी एक काम करा. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरून स्वतःच्या धंद्याच्या नंबरवर फोन लावा, ऐन गर्दीच्या वेळी. किती रिंग झाल्या, कोणी उचलला, काय बोलला, हे लिहून ठेवा. आणि सिम किंवा नंबर कुणाच्या नावावर आहे तेही त्याच कागदावर लिहा. दोन्ही उत्तरं खाली कळवा, पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये त्यावरच बोलू.