रक्ताच्या नळीचे तीन पदर



ऊसतोडीचा कोयता, गवताचा विळा, कडबा कुट्टीचे यंत्र. यांपैकी एकानेही कधी हात कापला नाही, असे घर गावात सापडणे कठीण. हात कापला की हळदीच्या डब्यासाठी धावपळ होते. पण आत कापते काय, हे कळले तर आधी काय करायचे तेही कळेल.

रक्ताच्या नळीची भिंत तीन पदरी असते. आतला पदर अगदी पातळ, चपट्या पेशींच्या एकाच थराचा, घोटलेल्या गिलाव्यासारखा गुळगुळीत. हा धड आहे तोवर नळीतले रक्त गोठत नाही. मधला पदर स्नायूंचा आणि रबरासारख्या ताणणाऱ्या तंतूंचा. बाहेरचा पदर चिवट धाग्यांचा. तो नळीला आजूबाजूच्या मांसात धरून ठेवतो.

हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. (मुलांच्या पुस्तकात धमनी आणि शिरा असे शब्द दिसतील, वस्तू तीच.) रोहिणीला हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब सोसायचा असतो, म्हणून तिचा मधला पदर जाड. नीलेत दाब कमी, म्हणून तो पातळ. हातापायांच्या नीलांत मात्र झडपा असतात, विहिरीवरच्या फुटव्हॉल्व्हसारख्या. रक्त मागे फिरत नाही. बोकड कापल्यावर हृदयाला लागून असलेली जाड, पांढरट नळी पाहा. रिकामी झाली तरी तिचे तोंड उघडेच राहते. रिकामी नीला पंपाच्या कापडी पाइपासारखी चपटी पडते.

आता घावाकडे वळू. रक्त लालभडक आणि ठोक्यागणिक उडत असेल तर रोहिणी कापली. काळपट आणि एकसारखे वाहत असेल तर नीला. नळी कापताच मधल्या पदराचे स्नायू आवळू लागतात. आतला पदर फाटला की त्याखालचे धागे उघडे पडतात, त्यांना रक्तातल्या बिंबिका चिकटतात आणि गुठळी धरू लागते. भिंत आपली आपण दुरुस्तीला लागते म्हणा ना! तिला वेळ हवा असतो. तो आपण दाबून द्यायचा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पार तुटलेली बारीक रोहिणी आखडून आत जाते आणि तिचे तोंड मिटू लागते. अर्धवट कापलेलीला ते जमत नाही. उरलेला भाग ताणला जाऊन चीर उलट फाकते आणि रक्त वाहतच राहते. तेव्हा घाव लहान दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका.

स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची घडी घावावर ठेवा आणि तळहाताने जोर देऊन दाबा. १० मिनिटे कापड उचलू नका. दर मिनिटाला उचलून पाहणारे आपल्याकडे फार. त्याने धरलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला जास्त वेळ दाबावे लागेल. रक्त उडत असेल तर एकाने दाबून धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. दाबूनही हातापायाची धार थांबेना, तर घावाच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा, वेळ लिहून ठेवा आणि ती दवाखान्यातच सोडू द्या.

हळद, चुना, तंबाखू, माती, शेण यांतले काहीही घावात भरू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. रक्त थांबले तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घाव दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.