रानाची मुदत ठेव

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द असतो. त्याचा अपचनाशी काही संबंध नाही. ज्या जमिनीत पीक काढता येत नाही, तिला महसुली भाषेत पोटखराबा म्हणतात. खडक, नाला, रस्ता यांना म्हटलं तर आमची तक्रार नाही. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ऐन, किंजळ, जांभूळ, शिवण, बेहडा यांनी गच्च भरलेलं रानसुद्धा पुष्कळदा याच नावाखाली गेलेलं असतं. ज्याच्या टाळांवर भाताची भाजावळ होते, ज्याच्या पायथ्याला पऱ्या वाहतो आणि जे कुणी खतपाणी न घालता आजोबांच्या आधीपासून उभं आहे, ते खराब! आणि तेच साफ करून चार काजूची कलमं लावली की जमीन सुधारली! उद्या बँकेतली मुदत ठेव मोडून तिची भेळ खाल्ली तर तिलाही सुधारणा म्हणायला हरकत नाही.

शहरातल्या माणसाला वाटतं, जंगल म्हणजे सरकारचं. रत्नागिरीत सरकारी जंगल नावापुरतंच आहे. डोंगर हिरवे दिसतात ते खाजगी मालकांच्या जमिनीमुळे. आणि मालक म्हणजे कोण? तर सातबाऱ्यावरची अकरा नावं. त्यांतली तीन स्वर्गवासी, पाच मुंबईला, दोन पुण्याला, आणि एक आत्या, जिचा पत्ता फक्त ठेकेदाराला ठाऊक! हा ठेकेदार मोठा प्रेमळ माणूस. अकरा जणांना एकत्र आणणं गणपतीलाही जमत नाही, ते तो जमवतो. ‘काका, नुसतं रान तर आहे. दहा-बारा वर्षांनी परत येतंच,’ असं म्हणून तो एक रक्कम बोलतो. अकरांत वाटली की प्रत्येकाला एक बऱ्यापैकी फ्रिज येतो. रान ट्रकमधून घाट चढून कुठल्याशा भट्टीत जातं.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. वनस्पतिशास्त्र मला भाजीमंडईपुरतं कळतं. पण मुद्दल आणि व्याज यांतला फरक कळायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. आमच्या काउंटरवर कुणी मुदत ठेव मोडायला आला तर आम्ही दहा प्रश्न विचारतो. ‘का बुवा? अडचण आहे का? कर्ज घ्या त्यावर, मोडू नका.’ तरीही मोडलीच तर व्याज कापतो. रान मोडणाऱ्याला मात्र असं विचारणारा घरात कोणी नसतो.

उभं रान हे मुद्दल. दरवर्षी त्यात जेवढं लाकूड वाढतं ते व्याज. व्याज खावं, मुद्दल राखावं. यात नवीन काही नाही. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या गृहस्थाने १७१३ साली याच विषयावर एक भला थोरला ग्रंथ लिहिला. गृहस्थ वनखात्यातला नव्हे, खाणखात्यातला. चांदी वितळवायला लाकूड लागायचं, ते संपत आलं. तेव्हा त्याने सांगितलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. ‘शाश्वत’ हा शब्द आता प्रत्येक सरकारी परिपत्रकात असतो, त्याची ही मूळ आजी. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला जंगल कळत नाही, असं पुन्हा कुणी म्हणू नये.

हिशेब अगदी तिसरीतला आहे. समजा दहा एकर रान आहे. त्याचे अर्ध्या अर्ध्या एकराचे वीस तुकडे करा. वनखात्याच्या भाषेत त्याला कूप म्हणतात. वर्षाला एकच कूप तोडा. विसावा तुकडा तोडून होईपर्यंत पहिला वीस वर्षांचा झालेला असतो. दरवर्षी थोडं लाकूड, दरवर्षी थोडे पैसे, आणि डोंगर कधीच बोडका नाही. पण आम्हाला पगार महिन्याला हवा, भाजी रोज हवी, आणि रान मात्र एकदम विकायचं!

तोडण्यालाही रीत आहे. ऐन, किंजळ, साग ही झाडं तोडली म्हणून मरत नाहीत. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, जमिनीलगत, तिरका आणि साल न फाटता घाव घातला, तर खुंटाला पावसाळ्यात फुटवे येतात. एका खुंटाला दहा-पंधरा येतात, म्हणजे आमच्या सातबाऱ्यासारखंच. मग दोन सरळ ठेवून बाकीचे काढायचे. सातबाऱ्यावर हे करता येत नाही, रानात येतं. या फुटव्याखाली जुन्या झाडाची मुळं असतात, म्हणून तो भराभर वाढतो. मधूनमधून काही मोठी झाडं बियांसाठी राखायची. फाटे खुंटावर रचून जाळायचे नाहीत. आणि मार्च-एप्रिलच्या वणव्याआधी कडेने गवत काढून जाळरेषा करायची. संपलं शास्त्र! यातलं निम्मं गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला माहीत असतं. त्याला विचारत कुणी नाही, एवढंच.

हल्ली त्यापुढची मजल म्हणजे खुंटच उपटणारं यंत्र. पिवळ्या रंगाचं ते जनावर दोन दिवसांत डोंगर सपाट करतं. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथे मुळं काढलेली उतरणीवरची माती किती दिवस टिकणार? ती खाली कुणाच्या तरी भातात जाते. आणि मग त्याच उजाड डोंगरावर आपण काय करतो? वृक्षारोपण!

वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला. हेतू उत्तम होता. पण आपल्याकडे उत्तम हेतूचा समारंभ व्हायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, २०१७ साली चार, २०१८ साली तेरा, २०१९ साली तेहतीस कोटी. दोन-दोन मीटरवर लावलं तर एकरी हजार झाडं. म्हणजे तेहतीस कोटींना तीन लाख तीस हजार एकर लागतात. आकडा ऐकून छाती फुगते. पण रोपवाटिकेतलं रोप म्हणजे शून्य शिलकीचं खातं. ती खाती कोटींनी उघडताना आम्ही बँकवाल्यांनी पाहिली आहेत. खातं उघडणं सोपं असतं, प्रश्न पुढे त्यात कोण भरतं हा असतो. पहिले तीन उन्हाळे पाणी, कुंपण, गवतकापणी ज्याने केली त्याने झाड लावलं. बाकीच्यांनी फोटो काढला.

त्यातही लावायचं काय, तर ऑस्ट्रेलियन बाभूळ. कारण ती लवकर वाढते आणि शेळी तिला तोंड लावत नाही. अहो, शेळीसुद्धा जे खात नाही ते लावल्याचा अभिमान कसला? लावायचंच असेल तर रानातल्या मोकळ्या जागी त्याच रानातलं बी रुजवा.

‘कुऱ्हाड लावूच नका’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. देवराई देवाची, तिला हात लावू नये हे कबूल. पण बाकीच्या रानातून मालकाला चार पैसे मिळाले नाहीत, तर तो ते कशाला राखील? फ्लॅटमध्ये मनीप्लँट वाढवणाऱ्याने डोंगराच्या मालकाला त्यागाचे धडे देऊ नयेत.

आणि कायद्याचं काय? १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. ऐन, किंजळ, खैर, साग तोडायला परवानगी लागते. १९७५ साली खाजगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा झाला. त्यावरचा एक वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१४ साली निकाली निघाला. या सगळ्यातून गावाने एकच बोध घेतला: रान दाट दिसू द्यायचं नाही, सरकार नेईल. जो रान वाढवील त्याला धास्ती, जो साफ करील तो निर्धास्त. सरकारला खरंच झाडं हवी असतील, तर कूप पाडून तोडणाऱ्याला परवानगी झटपट द्यावी, आणि एका झटक्यात डोंगर साफ करणाऱ्याला आमच्या शाखेत पाठवावं. सही जुळत नाही म्हणून आम्ही त्याला वीस वर्षं सहज परत पाठवू.

येत्या जुलैत कुणी तुमच्या हातात रोप आणि फावडं दिलं तर जरूर खड्डा करा. फक्त त्याला विचारा, ‘गेल्या वर्षीचं कुठे आहे?’ आणि गावी सामायिक रान असलं, तर ठेकेदाराच्या आधी त्या आत्याचा पत्ता शोधून काढा.