पैका रयतेचा, अर्ज दलालाचा



हल्ली खेडोपाडी 'अनुदान' या शब्दाने तरुण मंडळीस वेड लाविले आहे. चार पोरे एकत्र आली, मंडळाचा फलक रंगविला, की आठ दिवसांत तालुक्याहून कोणी तरी पाहुणा पांढऱ्या मोटारीतून उतरतो आणि म्हणतो, "ग्रँट मिळवून देतो, फक्त फाइल करावी लागेल." हा पाहुणा, त्याची फाइल, आणि त्याला ओसरीवर बसवून चहा पाजणारे आपण, या तिघांविषयी आज चार कडू शब्द लिहावयाचे आहेत. मी खेड्यातला शाळामास्तर आहे. गोड बोलणारे तुम्हांस पुष्कळ भेटतात, म्हणून कडू बोलण्याचे काम मजकडे घेतो.

चार वर्षांमागची गोष्ट. आमच्या गावच्या पोरांस रात्री बसून वाचावयास जागा हवी होती. घरोघर एकच खोली. तीत चूल, आजारी म्हातारा, टीव्हीचा गलबला आणि पावसाळ्यात शेळीसुद्धा. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्याने बसावे कोठे? गावात समाजमंदिर होते, परंतु त्याला कुलूप होते. म्हणून पोरांनी मंडळ काढले. लगेच एक सल्लागार हजर झाले. त्यांनी पंधरा हजार रुपये आगाऊ व मिळेल त्या रकमेचा दहावा हिस्सा मागितला. पोरांनी कोणी सोयाबीनच्या पट्टीतले, कोणी बहिणीच्या शिवणकामातले असे पैसे जमवून दिले. महिन्याने जाडजूड इंग्रजी फाइल आली आणि भराभर सह्या झाल्या. त्या वेळी आमच्या गावचे वृद्ध लोहार तेथे बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, सह्या तर झाल्या, पर ह्यात लिवलंय काय?"

तेथे जमलेल्यांत एकालाही उत्तर देता येईना. मी अडखळत वाचू लागलो. तिसऱ्या पानावर आमच्या गावच्या मच्छीमार बांधवांस होड्या व जाळी पुरविण्याची योजना निघाली! आमच्या ओढ्यात होळीनंतर म्हैस बसेल इतकेही पाणी राहत नाही. कोठल्या तरी किनाऱ्यावरील गावाची फाइल, तीतले नाव तेवढे खोडून आमचे घातले होते. अर्जाचे पुढे काही झाले नाही, आणि पंधरा हजार रुपयेही परत आले नाहीत. सल्लागाराने फसविले हे खरे. परंतु न वाचता सही करणारा हात कोणाचा होता? आमचाच ना?

आता मुळाशी जाऊ. अनुदान ही कोणाची मेहेरबानी आहे, असे आपल्या मनात पक्के बसले आहे, म्हणून आपण ते मागताना मान खाली घालतो आणि दलालाला मध्ये घेतो. हा पैसा येतो कोठून? औषधाची बाटली, पाण्याची नळी, लोखंडाची कांब, शिवणयंत्राचा सुटा भाग, मोटारसायकलीतले पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, यांतल्या कशावर आपण कर भरीत नाही? सरकारची तिजोरी भरते त्यात आपला घाम आहे. कंपन्यांचे म्हणाल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. तो नफा साबण, तेल, बियाणे विकत घेणाऱ्या आपल्याच खिशातून गेलेला असतो. त्या खर्चात कारखान्याच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे, असेही तो कायदा सांगतो. तेव्हा हे दान नव्हे. हा आपल्याच धान्याचा आपल्याच कणगीत परत येणारा हिस्सा आहे.

ही तक्रार आजची नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील शेतकरी जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड भरीत असे, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जावयाचा होता. शाळांस सरकारी मदत देण्याची रीत १८५४ च्या खलित्याने घालून दिली होती. तरी १८८२ साली जोतीराव फुले यांस हंटर कमिशनपुढे निवेदन करून सांगावे लागले की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. कारण काय? पैका कोठे आहे, कोणत्या दारी मागावा, कोणत्या भाषेत मागावा, हे ज्यांस ठाऊक होते ते घेऊन गेले. आज दारे बदलली, भाषा बदलली. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा हिस्सा दुसऱ्याच्या ताटात, ही वहिवाट मात्र कायम आहे.

कोणी म्हणतील, "मास्तर, हे सारे सरकारने बघावे, कंपनीने बघावे. गरिबाने पुन्हा खिसा का सोडावा?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी चला. १९१९ साली भाऊराव पाटलांनी तेथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. घरच्या बायांनी रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढावी, त्या मुठीवर पोरे जेवावीत, असा तो मुष्टिफंड होता. मूठ अपुरी पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. भाऊराव सरकारी मदत नाकारीत नव्हते. हक्काने घेत होते. परंतु १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा संस्था कोलमडली नाही, कारण तिच्याखाली रयतेचा आधार होता. पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले. ज्याची मूठ आत आहे तो मान वर करून मागतो, आणि कोणी नाही म्हटले तरी उपाशी मरत नाही. मूठ काढणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे. मूठ काढली म्हणजे जाब विचारण्यास तोंड मिळते.

दुसरी गोष्ट, थैली पाहून मागणी करावी. आपण आंब्याच्या झाडाला चिंचा मागतो आणि मिळाल्या नाहीत म्हणून रडतो. खासदारांचा स्थानिक विकास निधी १९९३ साली सुरू झाला. २०११ पासून तो दर खासदारास वर्षाला ५ कोटी रुपये असा ठरला. त्याचा हेतू टिकाऊ मालमत्ता उभारण्याचा आहे. त्यातून खोली होईल. खोलीत शिकविणाऱ्याचे मानधन निघणार नाही. ग्रामपंचायतीस १५ व्या वित्त आयोगाचा जो निधी आला, त्यात २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेस बांधलेली होती. उरलेली ४० टक्के गावच्या गरजेप्रमाणे वापरता येई, पण पगार व आस्थापनेवर नव्हे. मग त्या ४० टक्क्यांतून अभ्यासिकेची टेबले व दिवे का मागू नयेत? व्यायामशाळा व क्रीडांगणासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे दार आहे. पुस्तके, शिकवणारा माणूस, मुलींचे शिवणवर्ग यांसाठी कंपन्यांकडे जावे. आणि रोजचे वीजबिल, झाडलोट यांसाठी घरची मूठ.

परंतु आपल्या गावांत काय दिसते? भिंतींस पैसा मिळतो, माणसांस मिळत नाही. कारण भिंत बांधण्यात कंत्राट असते आणि पोरे वाचण्यात कंत्राट नसते! समाजमंदिर उभे, आत कोंबड्या. उघड्यावरच्या व्यायामाच्या यंत्रांस गंज. चौकात उंच दिवा, त्याखाली पत्ते. हे सारे आपल्या नावावर खर्ची पडले आहे, आणि ग्रामसभेत तोंड उघडले नाही म्हणून पडले आहे. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी व १ मे या दिवशी ग्रामसभा भरविण्याची चाल आहे. त्या दिवशी आपण कोठे असतो? गावच्या आराखड्यात जे लिहिले गेले नाही त्याला पैसा मिळत नाही. ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाइलवर पाहता येतो. ज्या मोबाइलवर पोरे रात्रभर चित्रे बघतात त्यावरच बापाला एकदा हे दाखवावे.

तिसरी गोष्ट सांगताना मला आपल्याच घरातील घाण काढावी लागते. जत्रेची, उत्सवाची वर्गणी आपण गाजावाजाने करतो. ढोल वाजतात, गुलाल उडतो. हिशेब मात्र कधी भिंतीवर लागत नाही. ज्या मंडळाला गावच्या वर्गणीचा हिशेब देता येत नाही त्याला परक्याने लाख रुपये का द्यावे? सात माणसे मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद होते. एवढे पुष्कळ गावांत झाले आहे. पुढे? विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. आमच्या भागात एका मंडळाच्या कागदावर सातांपैकी चार विश्वस्त स्वर्गवासी आहेत आणि अजून पदावर आहेत! हिशेबतपासणी वर्षानुवर्षे नाही. मिळालेल्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिले नाही म्हणून पुढचा हप्ता अडला, आणि शिव्या मात्र साहेबाला.

कंपनीचा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च व्हावयाचा, तर त्या संस्थेचे साधारणतः तीन वर्षांचे काम मागे असावे लागते, आयकर खात्याकडे नोंद लागते, आणि २०२१ पासून सीएसआर-१ नावाचा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. या अर्जास सरकारी फी नाही. दर्पण नावाच्या सरकारी नोंदणीसही नाही. सनदी लेखापालाची सही लागेल तेथे त्याचा मेहनताना द्यावा, पावती घ्यावी. मात्र 'नोंदणीची सरकारी फी' म्हणून जो हजारो मागतो तो चोर समजावा. तीन वर्षांची अट आहे म्हणून निराश होऊ नये. म्हणूनच आज आरंभ करावा. आज ठरावाची वही उघडली नाही तर तीन वर्षांनीही आपण येथेच बसलेले असू.

आम्ही काय केले ते सांगतो. फाइल ठेवून दिली आणि मराठीत दोन पाने लिहिली: गरज काय, मुले किती, काय करणार, खर्च किती, आमचा वाटा किती, काम झाले हे कशावरून दाखविणार. नवीन मंडळ रीतसर नोंदविले. समाजमंदिराच्या किल्लीसाठी दोन ग्रामसभा भांडण्यात गेल्या. सुतारदादांनी पडलेल्या बाभळीची बाके केली. दर घरी महिन्यास दहा रुपये ठरले. पुढच्या वर्षी पंचायतीने आराखड्यात दिवे व टेबले घातली. हिशेब दर महिन्यास दारावर चिकटतो; त्यावरून दोनदा भांडणही झाले, आणि ते झाले हे बरे झाले. आज रात्री एकोणीस मुले-मुली तेथे बसतात. कंपनीचा पैसा अजून आलेला नाही. येत्या चैत्रात तीन वर्षे पुरी होतील, तेव्हा अर्ज जाईल. आणि त्यात होड्या नसतील.

सरकारला व कंपन्यांस आमचे मागणे थोडके आहे. अर्ज मराठीत घ्या. लहान मंडळांस लहान रकमा द्या. भिंतीबरोबर माणसासाठीही पैसा ठेवा. नाही म्हणावयाचे तर कारण लिहून कळवा. सरकारी कचेरी कळवीत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. त्याच्या अर्जास दहा रुपये पडतात, आणि ते दलालाच्या पंधरा हजारांहून अधिक कामाचे आहेत.

आणि तुम्हांस मागणे हे की, पांढरी मोटार पुन्हा दारी आली तर पाहुण्याला पाणी द्या, चहाही द्या. पण सही मागेल तेव्हा आमच्या लोहारबाबांचा प्रश्न विचारा: ह्यात लिवलंय काय? उत्तर आपल्या भाषेत, आपल्याला समजेल असे मिळेपर्यंत लेखणी उचलू नका.

— एक खेडेगावचा शिक्षक