राग आमचा, नाव मंगळाचे

माणसाचा राग हा त्या माणसाचाच असतो, ही साधी गोष्ट आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना पुन्हा सांगावी लागावी, याचा आम्हांला खेद वाटतो. परंतु वेळ तशी आली आहे खरी. घरचा कर्ता पुरुष भरल्या ताटावरून उठतो, बायकोला चारचौघांत अद्वातद्वा बोलतो आणि घर मुकाट्याने म्हणते, ‘काय करणार, त्याचा मंगळच मेषेचा!’ मुलगी आपले मत ठामपणे मांडते, तर तिच्या कपाळी ‘वृश्चिकेचा मंगळ’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते. सोयरीक जुळवताना मुलाचा स्वभाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना, धर्मग्रामातील जाणत्यांना विचारण्याऐवजी त्याची जन्मवेळ विचारून घेणारे आईबापही आता आपल्यात निघू लागले आहेत. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याच खाली राशिभविष्याचे पान, ही जोडी कोणाला खटकेनाशी झाली आहे.

याविषयी हटकले, तर एक ठरावीक उत्तर मिळते. ‘आम्ही भविष्य पाहत नाही, ते ख्रिस्तसभेला मान्य नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. आम्ही केवळ स्वभाव ओळखण्यापुरते पाहतो. त्यात काय बिघडले?’ आमचा रोख या उत्तरावर आहे. भविष्य नको, पण स्वभाव हवा, ही पळवाट भविष्य पाहण्याहूनही घातक आहे, असे आमचे म्हणणे आहे. चुकलेले भविष्य काळच खोटे पाडतो. स्वभावाचा शिक्का मात्र माणसाच्या कपाळी जन्मभर राहतो आणि पुढे तो स्वतःच त्या शिक्क्याप्रमाणे वागू लागतो.

मुळात हा दावा काय आहे, ते पाहू. ज्योतिषशास्त्र सांगते की मेष व वृश्चिक या मंगळाच्या स्वतःच्या राशी, मकरेत तो उच्चीचा आणि कर्केत नीचीचा. जन्मवेळी तो ज्या राशीत असेल, त्याप्रमाणे माणसाचा राग, धाडस व जिद्द ठरते. आता मंगळाशीच रागाचा संबंध का जोडला? तो तांबडा दिसतो म्हणून! आपल्याकडे त्याला लोहितांग, अंगारक अशी नावे पडली. रोमन लोकांनी त्याला युद्धदेवतेचे नाव दिले. रक्त तांबडे, अग्नी तांबडा, म्हणून ग्रहही तापट. प्रत्यक्षात हा तांबडेपणा त्याच्या धुळीतील लोखंडाच्या गंजाचा आहे, आणि या ‘तापट’ ग्रहाच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे साठ अंश सेल्सियस आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपल्या देशाचे मंगळयान त्याच्या कक्षेत पोहोचले. ज्या देशाने त्याच्याभोवती यान फिरवले, त्या देशातील सुशिक्षित माणसाने गंजाच्या रंगावरून आपल्या सुनेचा स्वभाव ठरवावा, याला काय म्हणावे?

थोडे गणितही करू. मंगळ एका राशीत साधारणतः दीड ते दोन महिने असतो. वक्री झाला तर त्याचा मुक्काम बराच लांबतो. पाश्चात्त्यांच्या सायन पद्धतीप्रमाणे २० ऑगस्ट २०२२ पासून २५ मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, तो मिथुनेतच होता. जगात वर्षाला सुमारे १३ कोटी बालके जन्माला येतात. म्हणजे त्या सात महिन्यांत सात कोटींहून अधिक मुले ‘मिथुनेचा मंगळ’ घेऊन आली. गुरू तर एका राशीत जवळजवळ वर्षभर असतो आणि शनी सुमारे अडीच वर्षे. त्या हिशेबाने शाळेतल्या अख्ख्या वर्गाचा शनी बहुधा एकाच राशीत सापडायचा. ज्यांना शंका असेल, त्यांनी आपल्या धर्मग्रामातील बालवाडीच्या बाईंना विचारावे. एकाच महिन्यात जन्मलेल्या मुलांपैकी एक चावतो, एक रडतो, एक आपला खाऊ शेजाऱ्याला देतो आणि एक दिवसभर खिडकीबाहेर पाहत बसतो, हे त्या कुंडलीवाचून सांगतील.

यावर जाणकार म्हणतील, ‘एकटा मंगळ पाहून चालत नाही, लग्न, दृष्टी, युती, सारी पत्रिका पाहावी लागते.’ ठीक आहे. मग ‘याचा मंगळ मेषेचा म्हणून हा रागीट’ हे वाक्य तुमच्याच शास्त्राप्रमाणे अर्धवट ठरले! आणि घरोघरी चालते ते तर हेच वाक्य.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. मंगळ मेषेत आहे, हे कोणाच्या मताने? सायन आणि निरयन या दोन पद्धतींच्या राशींच्या आरंभबिंदूंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. एक रास ३० अंशांची. तेव्हा दर पाच माणसांपैकी चौघांचा मंगळ या दोन पद्धतींत वेगवेगळ्या राशींत पडतो. वर सांगितलेल्या सात महिन्यांतील बहुतेक काळ निरयन पंचांगाप्रमाणे मंगळ वृषभेत होता. मिथुनेचा मंगळ म्हणजे वाचाळ व चंचल, वृषभेचा म्हणजे हट्टी व सावकाश तापणारा, असे सांगतात. तेच मूल, तोच ग्रह, तीच रात्र. इंग्रजी मासिक उघडले तर मूल चंचल, पंचांग उघडले तर हट्टी! आपल्या मराठी पंचांगांतही चित्रापक्ष आणि रैवतपक्ष यांत सुमारे चार अंशांचा वाद आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये दिनदर्शिका-सुधारणेचा अहवाल दिला, त्यानंतरही तो मिटला नाही. जे शास्त्र ग्रहाचे घर ठरवू शकत नाही, त्याने घरात राहणाऱ्याचा स्वभाव सांगावा काय?

आम्ही केवळ तर्काने बोलत नाही. या दाव्याच्या कसोट्याही झाल्या आहेत. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी घेतलेल्या कसोटीचा निष्कर्ष १९८५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन माणसांची स्वभावचित्रे देण्यात आली. त्यांतून पत्रिकेचा धनी ओळखायचा होता. यश आले तिनांत एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवले असते तर आले असते तेवढेच. आपल्या महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशीच कसोटी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या पत्रिका घेतल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची, ते विचारले. येथे प्रश्न रागलोभाचा नव्हता, बुद्धीचा होता. पण बुद्धी ही स्वभावाहून ओळखण्यास अवघड नव्हे. उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते, तर ५० टक्के आली असती. काही अभ्यासू वाचक मिशेल गोकलॅं या फ्रेंच संशोधकाचे नाव पुढे करतील, कारण नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळेशी मंगळाचा संबंध असल्याचे त्याने मांडले. तो वादग्रस्त दावा होता मंगळाच्या उदयाशी व माथ्यावर येण्याशी निगडित. राशींवरून स्वभाव ठरतो, याला मात्र त्याच गोकलॅंला काही आधार सापडला नाही.

‘पण आमच्या बाबतीत तर तंतोतंत जुळते!’ असे पुष्कळजण सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते, यासाठी पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग कळले की सर्वांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तो मुख्यतः ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला होता! ‘तुम्ही वरून कठोर, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

आता श्रद्धेविषयी. हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. संत ऑगस्टीन तरुणपणी स्वतः ज्योतिषांच्या नादी लागले होते. इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात ते फर्मिनस नावाच्या मित्राची हकिगत सांगतात. ज्या क्षणी फर्मिनसचा जन्म झाला, त्याच क्षणी वडिलांच्या स्नेह्याच्या घरी एका दासीला मुलगा झाला. दोघांची पत्रिका एक. पण एक वैभवात वाढला आणि दुसरा दास्यातच राहिला. सोळाशे वर्षे झाली, या हकिगतीला उत्तर मिळालेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे आकाशस्थ गोलांचा शरीरावर परिणाम होतो असे मानले. पण माणसाच्या इच्छाशक्तीवर त्यांची सत्ता चालते, हे त्यांनी मान्य केले नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २११६) पत्रिका पाहणे व ज्योतिष यांचा स्पष्ट शब्दांत निषेध आहे.

येथे कोणीतरी हमखास विचारतो, ‘मग पूर्वेकडच्या त्या ज्ञानी लोकांनी तारा पाहिला, त्याचे काय?’ संत मत्तयचे शुभवर्तमान नीट वाचावे. त्या ताऱ्याने त्यांना बालकापाशी नेले. बालकाचा स्वभाव सांगितला नाही. बालकाला पाहिल्यावर ते नमले आणि निराळ्या वाटेने घरी गेले. आपल्याकडे उलटे चालले आहे: पाळण्यातले बालक समोर आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून आपण तारे शोधतो.

आमचा हा लेख आमच्या हिंदू शेजाऱ्यांविरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. या महाराष्ट्रात पत्रिकेच्या जाचाविरुद्ध सर्वांत नेटाने लढले ते बहुतांशी त्याच समाजातले सुधारक होते. आम्ही आमच्याच घरातला केर काढतो आहोत.

मिस्सेच्या आरंभी आपण छातीवर हात ठेवून अपराधाची कबुली देतो, ती आपल्या अपराधाची. त्यात कोणत्याही ग्रहाचा वाटा नसतो. जो माणूस रविवारी ही कबुली देतो आणि सोमवारी बायकोवर हात उगारून मंगळाकडे बोट दाखवतो, त्याने त्या कबुलीतून स्वतःचे नाव खोडून टाकले आहे. राग ग्रहाचा असेल, तर पश्चात्ताप कोणी करायचा? क्षमा कोणाला मिळायची? आणि माणूस बदलू शकत नसेल, तर प्रायश्चित्ताच्या संस्काराला अर्थ काय उरला? स्वभाव आईबापांकडून येतो, संस्कारांतून येतो, दारिद्र्यातून, आजारपणातून, कधी दारूच्या बाटलीतून येतो. आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. मंगळावर बोट ठेवले, की तो इलाज शोधण्याचे श्रम वाचतात. म्हणूनच हे शास्त्र लोकांना इतके सोयीचे वाटते.

तेव्हा आमची धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती आहे. मुलासाठी वा मुलीसाठी स्थळ पाहाल, तेव्हा जन्मवेळ विचारू नका. तो आपल्या आईशी कसा बोलतो, ते विचारा. ती घरच्या आजाऱ्याची सेवा कशी करते, ते पाहा. घरातले लेकरू हट्ट करू लागले, तर त्याच्यासमोर त्याची रास काढू नका. त्याला जवळ बसवून हट्टाचे कारण विचारा. आणि ज्या घरात मंगळाच्या नावाखाली एखादी बाई रोज अपमान सोसते आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या पुरुषाला समोर बसवून एवढेच सांगावे: ‘बाबा रे, हा राग तुझा आहे. तो तूच आवरायचा आहेस.’