हुकूम सुटला म्हणजे अंमल झाला?

१/ गगनबावडा म्हटले की इतिहासप्रेमींना गगनगड आठवतो आणि बावड्याची जहागीर सांभाळणारे पंत अमात्यांचे घराणे आठवते. या घराण्यातील रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाशी १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ जोडलेले आहे. आरमारासाठी लाकूड कसे तोडावे, रयतेच्या आंबा-फणसाला हात का लावू नये, हे त्यात सांगितले आहे. त्यावरून एक विधान सर्रास फिरते : ‘त्या काळी रयतेच्या झाडाला कोणी हात लावत नसे.’

२/ हे विधान आज्ञापत्रातून निघत नाही. आज्ञापत्र कसे असावे ते सांगते. प्रत्यक्षात काय घडले ते कळण्यासाठी महजर, तक्रारी आणि जमाखर्चाचे कागद धुंडाळावे लागतात. उलट, मनाई लिहून ठेवावी लागली याचाच अर्थ कोणीतरी कुऱ्हाड चालवत होते असा संशय घ्यायला जागा आहे. हुकूम हा हुकुमाचा पुरावा असतो. अंमलाचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

३/ इतिहासात ही शिस्त पाळणारे वाचकही जीवशास्त्राचा इतिहास वाचताना ती विसरतात. तिथे गोष्ट ठरलेली असते : डीएनए हा राजा, एमआरएनए हा जासूद, रायबोसोम हा मुकाट कारागीर. राजाने लिहिले, जासुदाने पोहोचवले, कारागिराने प्रथिन घडवले. दहावीच्या पुस्तकातील ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ हे शब्द पाठ झाले की विषय संपला. ही गोष्ट अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणाची किंमत माणसे मोजत आहेत.

४/ गोष्ट रूढ कशी झाली ते आधी पाहू. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी संदेशवाहक आरएनए दाखवून दिला. त्याच वर्षी निरेनबर्ग आणि मथाई यांनी संकेतलिपीचे पहिले अक्षर वाचले, आणि जेकब व मोनो यांनी जनुक चालू-बंद कसे होते याचा सिद्धांत मांडला. शोध एवढे तेजस्वी होते की सारे नियंत्रण हुकूम लिहितानाच होते, असा समज घट्ट बसला.

५/ परंतु विरोधी पुरावा तेव्हाही समोर होता. सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्याचे तुकडे करून एथेल ब्राउन हार्वे यांनी १९३६ मध्ये केंद्रक नसलेल्या तुकड्याला चेतना दिली. तो तुकडा विभागू लागला. डीएनएचा दरबारच नाही, तरी कारभार सुरू.

६/ १९६० च्या दशकात पॉल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. ॲक्टिनोमायसिन हे औषध देऊन त्यांनी नव्या आरएनएचे लेखन रोखले. तरीही फलनानंतर अंड्यातील प्रथिननिर्मिती वाढलीच. म्हणजे संदेश मातेने आधीच लिहून अंड्यात ठेवले होते. फलन होईपर्यंत ते न वाचता पडून होते. हुकूम दप्तरात होता, अंमल थांबवलेला होता.

७/ मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. १६९८ पर्यंत छत्रपती दूर होते. इकडचा कारभार ‘हुकुमतपनाह’ म्हणून रामचंद्रपंतांनी चालवला. हुकूम छत्रपतींच्या नावाने निघत. पण कोणते काम आज करायचे आणि कोणते उद्यावर टाकायचे, हे हाताशी असलेल्या खजिन्याकडे पाहून इथेच ठरवावे लागे.

८/ माणसाच्या रक्तात असा कारभार रोज चालतो. तांबडी रक्तपेशी पक्व होण्याआधी आपले केंद्रक बाहेर टाकते. त्यानंतरही एक-दोन दिवस तिच्यात हिमोग्लोबिन तयार होत राहते, ते जुन्या संदेशांवरून. नवा हुकूम येण्याची शक्यता संपलेली असते. मग काम किती चालवायचे, हे कोण ठरवते?

९/ खजिना ठरवतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ग्लोबिनच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येकीत लोह धारण करणारा एक हीम. लोह कमी पडले की हीम कमी पडतो. अशा वेळी ग्लोबिन बनतच राहिले, तर जोडीदाराविना उरलेल्या साखळ्यांचे गोळे होऊन पेशीला इजा होते. म्हणून हीमचा साठा पाहून ग्लोबिनचे काम थांबवणारी व्यवस्था पेशीत आहे.

१०/ ती अशी. संदेशाचे वाचन सुरू होण्यासाठी ‘इआयएफ-२’ नावाचे प्रथिन पहिले अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत आणते. ‘एचआरआय’ नावाचे दुसरे प्रथिन हीम भरपूर असताना शांत असते. हीम घटला की ते जागे होते आणि इआयएफ-२ वर फॉस्फेटची मोहोर उमटवते. मोहोर बसली की वाचनाचा आरंभच अडतो. संदेश फाडला जात नाही. तो फक्त वाचला जात नाही. सशाच्या अपक्व रक्तपेशींच्या अर्कावर १९६० आणि ७० च्या दशकांत झालेल्या कामातून हे हळूहळू उलगडले.

११/ २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एचआरआय नसलेल्या उंदरांना लोह कमी असलेला आहार दिला गेला. त्यांच्या रक्तपेशी नेहमीसारख्या लहान झाल्या नाहीत. त्यांत ग्लोबिनचे गोळे साचले आणि अपक्व पेशी मरू लागल्या. रक्ततपासणीच्या अहवालात दिसणारी लहान, फिकट पेशी ही निव्वळ बिघाडाची खूण नव्हे, हे यातून कळते. दुष्काळात काटकसरीने चालवलेल्या कारभाराची ती खूण आहे.

१२/ हा झाला सरसकट बंदोबस्त. एखादाच संदेश अडवण्याचीही सोय आहे. लोह साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाच्या संदेशाला आरंभी एक लहानशी घडी असते. लोह कमी असले की एक प्रथिन त्या घडीवर येऊन बसते आणि वाचन थांबते; लोह वाढले की ते उठते. साठवायला काही नसताना कोठार बांधू नये, एवढा हिशेब पेशीला कळतो.

१३/ यावर बिनतोड वाटणारा प्रतिवाद असा : एचआरआयची कृतीही डीएनएतच लिहिलेली आहे, मग अखेर राजाच श्रेष्ठ. पहिले वाक्य पूर्ण खरे. मूळ हुकुमाविना काहीच घडत नाही, आणि नियंत्रणाची पहिली चौकी प्रतिलेखनाचीच. पण एचआरआय आज जागे व्हावे की झोपावे हे डीएनएत लिहिलेले नसते. ते आज पेशीत किती हीम आहे यावर, म्हणजे अखेर ताटात आणि शरीरात किती लोह आहे यावर ठरते. नियम दरबाराचा, निर्णय परिस्थितीचा.

१४/ हा भेद न कळल्यामुळे लशींविषयीच्या अफवांना बळ मिळाले. ‘एमआरएनए लस डीएनए बदलते’ म्हणणारे जासुदालाच राजा समजतात. लशीतील संदेश केंद्रकाबाहेर वाचला जातो आणि काही काळात नष्ट होतो. खरी अडचण उलटी होती : परका आरएनए दिसताच ‘पीकेआर’ हे प्रथिन त्याच इआयएफ-२ वर तीच मोहोर उमटवते. कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये संदेशातील एक घटक बदलून पेशीची ही सावधगिरी शमवली. तशा संदेशामुळे पीकेआर कमी जागे होते, हेही पुढे दिसले. २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले. २०२२ मध्ये पुण्यात तयार झालेल्या भारताच्या पहिल्या एमआरएनए लशीला परवानगी मिळाली.

१५/ दुसरी किंमत अधिक जवळची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ‘तिच्या अंगात रक्तच नाही, घराण्यातच आहे’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. थॅलेसेमिया, सिकलसेल हे घराण्यातून येणारे आजार खरेच आहेत आणि ते तपासणीने ओळखता येतात. पण लोहाच्या कमतरतेत हुकूम शाबूत असतो. खजिना रिकामा असतो. त्याला नशीब म्हणणे म्हणजे रसद न पाठवता किल्लेदाराला नालायक ठरवणे.

१६/ गगनबावड्याच्या जांभ्या दगडाला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडने येतो. पायाखाली एवढे लोह असूनही ते आपोआप कोणाच्या रक्तात उतरत नाही. आज्ञापत्र वाचताना विचारावे : हे अमलात आले का, कोणी आणले, कशाच्या बळावर? जनुकाविषयी कोणी छातीठोक बोलू लागले, तर हेच तीन प्रश्न त्यालाही विचारावेत. आणि घरात कोणी फिकट दिसत असेल, तर कुळाची चर्चा बाजूला ठेवून आधी रक्त तपासावे.