गाडी पाहावी आजीला बसवून

आमची सेडान बारा वर्षांची झाली. म्हणून २०२३मध्ये नव्या रूपात आलेली ह्युंदाई व्हर्ना पाहून आलो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, तेव्हा एक्सेल शीट आलंच! जुन्या व्हर्नापेक्षा व्हीलबेस ७० मिमी जास्त, म्हणजे मागे पाय ऐसपैस. डिकी ५२८ लिटर, सणाला गावी जायचं सामान आरामात मावेल. सर्व मॉडेल्समध्ये सहा एअरबॅग. डिझेल मात्र बंद. रुंदी ३६ मिमी वाढलीय. विवेकवर्धिनीच्या आसपासच्या आपल्या जामबागच्या गल्ल्यांत तेवढंही मोजावं लागतं.

बुकिंग करणारच होतो. त्याच संध्याकाळी आमच्या जुन्या गाडीतून उतरताना आजीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तू नसलास की मी बाहेर जायचं टाळतेच रे."

माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता! पुन्हा आकडे पाहिले. लांबी वाढली, रुंदी वाढली. उंची मात्र तीच, १,४७५ मिमी. सेडानची बैठक खालीच असते, आणि एसयूव्हीत आजीला चढवत नाही.

आता रविवारी तिलाच शोरूममध्ये नेतोय. चार वेळा बसून-उतरून पाहील. हात न धरता उतरली, तरच बुकिंग!