स्थूलता हा विलास नव्हे

संपादक महाशय,

थायरॉइडच्या विकाराची सबब सांगून वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागणे म्हणजे विलास, हे आपल्या लेखकाचे मत वस्तुस्थितीस धरून नाही. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार, प्रौढ रुग्णाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० वा अधिक असल्यास, अथवा किमान ३५ असून अनियंत्रित टाइप-२ मधुमेह किंवा झोपेतील तीव्र श्वासावरोधासारखी व्याधी जडली व सौम्य उपाय निष्फळ ठरले असल्यास, वैद्यकीय सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया विम्याच्या वगळणुकीत मोडत नाही. थायरॉइडचा विकार त्या व्याधींच्या यादीत नाही, हे खरे; परंतु त्याने वाढणारे वजन बहुधा थोडेच असते, आणि रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आटोक्यात आल्यावरही उरणारी अतिस्थूलता ही स्वतंत्र व्याधीच होय. विम्याचा दावा नामंजूर झाल्यास नांदेड-लातूरच्या रुग्णांनी त्याचे कारण लेखी मागावे आणि कंपनीकडे महिनाभरात दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज गुदरावा.

आपला,
एक वाचक, लातूर